शुक्रवारी तेन्रीचं घर उचललं

बुधवारी सकाळी मशिदीच्या भोंग्यावरून हाळी आली, "शुक्रवारी नमाजनंतर तेन्रीचं घर हलवायचंय, बाप्ये मंडळींनी खांदा द्यायला यावं." तेन्री तेव्हा कोंबड्यांना दाणे टाकत होती. आपलं घर हलणार हे तिला गावाबरोबरच कळलं. दाण्यांचं पातेलं तिनं असं आपटलं की कोंबड्या चराच्या पलीकडे पळाल्या.

घर हलवणं म्हणजे काही आक्रीत नव्हतं. इथं घरं लाकडी खांबांवर उभी, खांब दगडी तळखड्यांवर. लेकाचं लग्न झालं, शेजाऱ्याशी पटेना, की आडवे बांबू बांधायचे आणि सत्तर-ऐंशी जणांनी घर खांद्यावर घेऊन दुसरीकडे ठेवायचं. घर एकाचं, जमीन दुसऱ्याची, असंही पुष्कळ ठिकाणी असतं. पण घर ज्याचं त्यानं माणसं बोलवायची, एवढी रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. इथं हाळी घातली होती तेन्रीच्या थोरल्या भावानं, बाहारनं.

ती तशीच ओल्या हातांनी त्याच्या दारात गेली. त्याचं विटांचं घर रस्त्याला लागून, तिचं मागे. अंगणात वाळूचा ढीग पडला होता.

"डाएंग," थोरल्या भावाला म्हणायची रीत ती रागातही विसरली नाही, "माझं घर कुठं न्यायचं ठरवलंयस?"

बाहार कॉफी पीत होता. "मागे, कालव्याकाठी. जागा छान मोकळी आहे."

"मोकळी? पावसाळ्यात शिडीच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागतं तिथं! बेडूक तरी राहतो का?"

"मग दोन पायऱ्या वाढवून घे." तो हसला. "हे बघ, तुझ्या जागेवर पाकोळ्यांचं घर बांधायचंय. तीन मजली, सिमेंटचं. शहरातला एक भागीदार मिळालाय. पाकोळ्यांच्या घरट्यांचं सूप करून खातात श्रीमंत लोक, सोन्याचा भाव आहे."

"बहिणीला चिखलात टाकून पाखरांना माडी बांधणार? लाज कुठं गहाण टाकलीस?"

"जमीन माझ्या नावावर आहे, तेन्री. कागद बघायचाय?"

कागद तिला बघायचा नव्हता. चार वर्षांपूर्वी मोजणीवाले आले, तेव्हा हाच बाहार गोड आवाजात म्हणाला होता, "सगळा तुकडा एकाच नावावर लावू, तुझ्या खेपा वाचतील." तिनं मान डोलावली. घर आपलं, वारलेल्या नवऱ्यानं स्वतः तासलेल्या खांबांचं. खालच्या मातीचा कागद कुणाच्या का पेटीत असेना, असं तिला वाटलं होतं. स्वतःच्या त्या डोलावलेल्या मानेचा तिला इतका राग आला की परत येताना ती स्वतःलाच शिव्या घालत होती.

कारण जमीन तिची होती. बाबांनी मरायच्या आधी काठी टेकत, गावातल्या चौघांना बरोबर घेऊन, फणसापासून चरापर्यंत चालून दाखवलं होतं, "एवढं तेन्रीचं." ते चौघं अजून जिवंत होते आणि शुक्रवारी खांदा द्यायला येणार होते.

आलेही. नमाज आटोपून, लुंग्या वर खोचून सत्तरएक बाप्ये अंगणात जमले. घर उचलण्याआधी घरधनिणीनं सगळ्यांना गोड द्यायचं असतं. तेन्रीनं चूल पेटवलीच नव्हती. मग बाहारची बायको मर्दिया स्वतःच्या चुलीवरून केळीच्या पानात वाफवलेल्या गोड वड्या घेऊन आली, आणि त्या सत्तर जणांनी खाली माना घालून त्या खाल्ल्या. खिडकीतून बघताना तेन्रीचं रक्त उकळत होतं. एकाच्याही घशात अडकल्या नाहीत!

बायकांनी भांडी, तांदळाची पोती, गाद्या खाली उतरवल्या. तेन्री उतरली नाही. मधल्या खांबाला पाठ लावून बसली.

"उतर खाली," बाहार ओरडला.

"नाही उतरत. उचला मला घरासकट."

सगळ्यांनी अंबो उपेकडे पाहिलं. गावात कुठलंही घर उचलायचं तर आरोळी या म्हाताऱ्याची. त्यानं टोपी सारखी केली. "एक बाई जास्त. तिचं असं किती वजन! धरा."

त्याच्या आरोळीसरशी घर करकरलं आणि तळखड्यांवरून सुटलं. तेन्री उठून खिडकीशी गेली. खाली ओळखीच्या टकल्या, टोप्या, घामेजलेल्या माना.

"लातांग!" ती ओरडली. "वर बघ! बाबांबरोबर फणसापासून चरापर्यंत कोण चाललं होतं रे? पायात काटा मोडला म्हणून माझ्याच शिडीवर बसून काढलास ना? तीच शिडी आता कालव्यात घालतोस?"

लातांगनं वर पाहिलं नाही. घर पुढं चाललं.

"आणि सिराजे, तू! मोजणीच्या दिवशी साहेबानं विचारलं, कुणाची काही हरकत? तू पत्र्यावरची पाल बघत बसलास. तुझी बायको अडली तेव्हा दोन रात्री तिच्या उशाशी कोण बसलं? मी. बाहार नव्हता बसला!"

कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. घर डावीकडे कललं. सिराजेनं खांदा काढून घेतला होता. त्याच्या मागच्यानंही काढला.

"तिच्याकडे लक्ष देऊ नका!" बाहार बाजूनं धावत होता. "बैलाचं मटण शिजतंय तुमच्यासाठी!"

मागे चर आडवा असल्यानं कालव्याची वाट बाहारच्या अंगणातून वळसा घेऊन जात होती. अंबो उपे घराच्या पुढं, पाठमोरा चालत होता. तेन्रीचा आवाज आता फाटला होता. बावन्न वर्षांची बाई, संतापानं रडत होती आणि त्याची तिला लाजही वाटत नव्हती.

"अंबो उपे, तुम्हाला मी काय बोलू? माझ्या बापाला तुम्ही मातीत उतरवलंत. घराला खांदा देता, मग त्यांच्या शब्दाला का नाही दिलात?"

म्हातारा थांबला. हात वर केला. "ठेवा."

"इथं?" बाहार किंचाळला.

"ठेवा म्हणतो ना!"

घर धाडकन खाली आलं, बाहारच्या विटांच्या घराच्या दारासमोर, एक खांब त्याच्या वाळूच्या ढिगात. मर्दिया हातात परात घेऊन आतच अडकली.

"उचला! जमीन माझी आहे, कागद माझा आहे!"

"कागद तुझा," अंबो उपे म्हणाला. "खांदे आमचे."

लातांग कपाळावरचा घाम पुसत पुढं आला. "मी होतो," तो बाहारला म्हणाला. "फणसापासून चरापर्यंत. मी चाललो होतो." मग सिराजेही पुटपुटला की तोही होता.

"हे मला काय ऐकवता?" तेन्री खिडकीतून कडाडली. "चार वर्षं तोंडात काय धरलं होतंत? सोमवारी कचेरीत या आणि साहेबासमोर बोला!"

"येतो," अंबो उपे म्हणाला. "चौघंही येतो. आत्ता घर कुठं नेऊ ते सांग."

तिनं खिडकीतून मागे फणसाकडे बोट दाखवलं. म्हणाली, "होतं तिथं."

बाहार कोर्टाच्या धमक्या देत उभा राहिला. घर त्याच्यासमोरून उलट फिरलं, त्याच्या केळीचे दोन खुंट मोडत परत गेलं आणि धापा टाकणाऱ्या माणसांनी ते तळखड्यांवर टेकवलं. शिडी लागली. आता बाई आभार मानील, निदान कॉफी तरी टाकील, या आशेनं सगळे जमिनीवर पसरले.

तेन्री खाली उतरली. कुणाकडे न बघता घराभोवती फिरली. प्रत्येक खांबाशी वाकली, बोटं लावून पाहिलं. मग पदरानं तोंड पुसून उभी राहिली.

"चार बोटं चराकडे सरकलंय."

"अगं, चार बोटांनी काय होतंय?" सिराजे कण्हला.

तेन्रीनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

सत्तर माणसं उठली आणि पुन्हा बांबूखाली वाकली.