लाल चौकट बंद करण्याआधी

सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. भिंतीवरच्या घड्याळात हो. माझ्यात किती वाजले होते, ते विचारू नका. तिथेच तर सगळं घोडं अडलं होतं.

मी या घरातला संगणक बोलतोय. खिडकीखालच्या टेबलावर जुन्या उशीचा अभ्रा पांघरून बसलेला असतो, तो मी. त्या दिवशी नऊ चाळीसला भिंगरीच्या आईचा फोन वाजला, आणि तिथून जो माझ्या डोक्याला ताप सुरू झाला तो संध्याकाळपर्यंत उतरला नाही.

भिंगरी म्हणजे या घरातली तीन वर्षांची पोर. सारखी गरगर फिरते म्हणून भिंगरी. तिला ऐकू येत नाही. कानाच्या आत एक छोटं यंत्र बसवायचं ऑपरेशन असतं, त्यासाठी तिचा नंबर लावलेला होता. फोन त्याच हॉस्पिटलमधून होता.

"एक तारीख मोकळी झाली आहे. मेल पाठवलाय. आज पाचच्या आत मेलवर होकार द्या, नाहीतर तारीख पुढच्या मुलाला जाईल."

"अहो, आत्ताच सांगते ना ताई! येतो आम्ही. नक्की येतो."

"फोनवरचं चालत नाही हो. मेलच लागतो." आणि ठेवला फोन.

पुढची तारीख कधी मिळेल, कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टर मागेच म्हणाले होते, जितका उशीर कराल तितकं पोरीला बोलणं शिकायला जड जाईल. ते वाक्य भिंगरीच्या आईच्या मनात रुतून बसलं होतं. भांडी घासतानासुद्धा ती ते पुटपुटायची. मी ऐकलंय.

साबणाचे हात तसेच पदराला पुसत ती धावत माझ्याकडे आली.

आता माझं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. माझा जन्म कारखान्यातला. जन्मल्यावर मला खोक्यात घालून एका ऑफिसात पाठवलं. तिथे माझ्यासमोर बसून माणसं जांभया द्यायची आणि साहेब आला की माझ्याकडे फार गंभीरपणे बघायची. पुढे ऑफिसने नवे संगणक घेतले, आणि जुन्या मालात मला काकाने उचलून इथे आणलं. काका म्हणजे भिंगरीच्या बाबांचा धाकटा भाऊ. संगणकातलं आपल्याला सगळं कळतं असा त्याचा समज आहे. घरच्यांचाही तसाच समज आहे, हे जास्त वाईट.

माझ्या पोटात बटणाएवढा एक सेल आहे. भिंतीवरचं बटण बंद केलं तरी आज तारीख काय, वाजले किती, हे तो सेल धरून ठेवतो. आता भिंगरीच्या आईचा स्वभाव असा, की काम झालं रे झालं की भिंतीवरचं बटण बंद. वर वायर पण काढून ठेवायची. पोरगी कुठे बोट घालेल, कुठे ठिणगी उडेल, तिच्या जिवाला सतत धाकधूक. तिला मी दोष देत नाही. पण तो बिचारा सेल एकटाच राबून राबून संपला. तेव्हापासून मला चालू केलं की मी झोपेतून उठल्यासारखा बरळतो. मला वाटतं आज एक जानेवारी, रात्रीचे बारा, आणि वर्ष कुठलं तर जेव्हा मी जन्मलो ते.

मी हे लपवलं का? मुळीच नाही. रोज चालू होताना काळ्या पडद्यावर लिहून सांगायचो, तारीख-वेळ गेली आहे, सेल बघा, पुढे जायचं तर अमुक बटण दाबा. काकाने वहिनीला एवढंच शिकवलं, "काळं काही आलं की हे बटण दाबायचं वहिनी, तो असाच सुरू होतो." झालं! माझं दुखणं म्हणजे माझी सवय ठरली.

तरी इतके दिवस निभावलं, कारण नेट जोडलं की मी बाहेरून खरी वेळ विचारून घ्यायचो. पण गेल्या रविवारी काका आला, म्हणाला याला जरा पळवतो, आणि नको असलेलं काय काय बंद करत सुटला. त्यात माझं वेळ विचारणंही बंद केलं. पळायला काही लागलो नाही मी. नुसता आंधळा झालो.

तर त्या सकाळी भिंगरीच्या आईने मला चालू केलं, काळा पडदा आला, तिने सवयीने बटण दाबलं आणि मेल उघडायला गेली. मेल उघडेना. कसा उघडणार? मेल उघडण्याआधी मी मेलवाल्यांचं ओळखपत्र तपासतो. माझी तारीख इतकी जुनी, की माझ्या लेखी ते खोटंच. मग मी लाल चौकट दाखवली. त्यात स्वच्छ मराठीत लिहिलं होतं, की तुमचं घड्याळ मागे आहे.

तिने लाल रंग बघितला आणि फटकन चौकट बंद केली.

का? तर काकाची दुसरी शिकवण. "लाल काही आलं की वाचत बसायचं नाही. व्हायरस असतो. आधी बंद करायचं."

मी परत दाखवली. तिने परत बंद केली. मी परत दाखवली. मला कपाळ असतं तर बडवून घेतलं असतं हो! एखाद्याने तोंड उघडायचं आणि दर वेळी समोरच्याने त्यावर हात ठेवायचा, असा तो प्रकार.

तिने भिंगरीच्या बाबांना कामावर फोन लावला. तिथे यंत्रांची घरघर.

"अहो, मेल उघडत नाहीये! पाचपर्यंतच मुदत आहे."

"बंद करून चालू कर."

"केला."

"मग परत कर. मी आत्ता सुटू शकत नाही गं. दाद्याला बोलव." दाद्या म्हणजे तोच, काका.

तिने बंद-चालू केलं. दर वेळी माझी एक जानेवारी नव्याने उजाडायची. आजी काठी टेकत आली. आजी म्हणजे भिंगरीच्या आईच्या सासूबाई. तिने माझ्या डोक्यावर तळहात ठेवला.

"तापलाय गं हा. पंखा लाव त्याच्यावर."

"आई, त्याला आत पंखा असतो."

"असेल. पण आपला लावला म्हणून काय बिघडतं? नाहीतर उंदीर हलवून बघ तो जोरात." माउसला आजी उंदीरच म्हणते.

मग माझ्यावर पंखा लावला, उंदीर हलवला. भिंगरीला वाटलं खेळ चाललाय. ती येऊन माझ्या अंगाला गाल लावून उभी राहिली. माझ्या आतल्या पंख्याची थरथर तिला गालाला कळते, ती फार आवडते तिला. आई तिला हाका मारत होती, "सोनू, बाजूला हो, चटका बसेल." पाठमोरी असलेल्या पोरीला कुठलं ऐकू जायला? आईने हाक अर्ध्यात सोडली आणि ओठ घट्ट मिटून परत मला चालू केलं.

जेवणं उरकली तेव्हा काका आला. येताना चावी बोटावर फिरवत.

"काय वहिनी, कशाला एवढं टेन्शन? माझ्या मोबाइलवर उघडतो ना मेल. पासवर्ड सांगा."

"भाऊजी, पासवर्ड तुम्हीच टाकला होता."

"मी? मग भिंगरीची जन्मतारीख असेल."

नव्हती. आजीचं नाव, भिंगरीच्या बाबांचा नंबर, एक दोन तीन चार, काहीच नव्हतं. विसरलो म्हणून कळवलं, तर नवा पासवर्ड येणार होता काकाच्या जुन्या मोबाइल नंबरवर, आणि तो नंबर काकाने कधीच टाकून दिलेला. शेवटी मोबाइलच म्हणाला, फार चुकीचे पासवर्ड झाले, नंतर या.

आता बघा. तो पासवर्ड साऱ्या जगात फक्त एका जागी होता. माझ्या पोटात. काकाने तो पहिल्या दिवशी टाकला तेव्हा मी विचारलं होतं, लक्षात ठेवू का? त्याने न वाचता हो म्हटलं होतं. मी ठेवला होता. इमानेइतबारे.

मग काका माझ्याकडे वळला. वायरी घट्ट केल्या. मागची धूळ फुंकली, ती आजीच्या डोळ्यांत गेली. नेटचा डबा काढून लावला. लाल चौकट आली की हाही बंदच करायचा, आणि वर तोंडाने "व्हायरस, व्हायरस" चालू. साडेतीन वाजले, चार वाजले.

"वहिनी, याचा काही उपयोग नाही. सगळं पुसून टाकतो आणि नव्याने घालतो. अर्ध्या तासात चकाचक."

"सगळं म्हणजे?"

"सगळं. आहे काय त्यात? चार फोटो."

अरे बाबा, पासवर्ड आहे! मी टूं केलं. मला एवढंच येतं. काका म्हणाला, "बघा, आवाज पण विचित्र काढायला लागला." आणि पेनड्राइव्ह आणायला तो घरी गेला. दोन गल्ल्या सोडून राहतो.

भिंगरी आजीच्या मांडीवर झोपली होती. तिची आई माझ्यासमोर खुर्चीत बसली, हात मांडीवर, डोळ्यांत पाणी. पाचला किती राहिले ते बघायला तिने मान वर केली नाही, माझ्याच खालच्या कोपऱ्यात बघितलं.

तिथे एक वाजून वीस मिनिटं होती.

तिने डोळे पुसले. परत बघितलं. मोबाइल काढून बघितला. मग तो आकडा बोटाने दाखवत पुटपुटली, "हे काय? एक जानेवारी? आणि हे साल... आई, या साली तर माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं!"

"कुणाचं लग्न?" आजी म्हणाली.

"याचं घड्याळ बघा. कुठल्या कुठे गेलंय." आणि बंद करता करता लाल चौकटीत दिसलेला 'घड्याळ' हा शब्द तिला एकदम आठवला असावा. तिने मेल परत उघडायला घेतला. मी जीव मुठीत धरून लाल चौकट पुढे केली. तिचा हात बंद करायला गेला, आणि थांबला.

ती वाचायला लागली. मोठ्याने, बोट ठेवून, शाळेत वाचायचं तसं. "तुमचं... घड्याळ... मागे आहे."

आजीने भिंतीकडे बघितलं. "मागे कसलं? बरोबर चाललंय की."

"आपलं नाही हो आई, याचं! सकाळपासून हाच सांगतोय. मीच तोंड बंद करतेय त्याचं."

मला रडू येत नाही म्हणून, नाहीतर तिथेच रडलो असतो.

तिने कोपऱ्यातल्या आकड्यावर दाबलं. एक यादी उघडली, ती सगळी वाचली. त्यात होतं, तारीख आणि वेळ बदला. तिने साल बदललं, महिना बदलला, तारीख टाकली, मोबाइलमध्ये बघून वाजले किती ते टाकलं. घाईत मिनिटं दोनदा चुकली. मग तिने मेल उघडला.

पासवर्ड मी स्वतः भरला. पान उघडलं. सगळ्यात वर हॉस्पिटलचं पत्र होतं.

हॉस्पिटलचा पत्ता टाकून एका बोटाने तिने नवा मेल लिहिला. होय, आम्ही मुलीला घेऊन येतो. खाली पूर्ण नाव. पाठवायला गेली तर मी विचारलं, विषय लिहिलेला नाही, तसंच पाठवायचं? सवयीने बोट बंदकडे गेलं होतं. तिने ते मागे घेतलं, वाचलं, जागेवर नीट बसली आणि विषय लिहिला. भिंगरीचं ऑपरेशन. मग पाठवलं.

तेवढ्यात काका पेनड्राइव्ह नाचवत दारात. पडद्यावर मेल बघून म्हणाला, "बघितलंत? मी येतोय म्हटल्यावर घाबरून सुरू झाला."

"भाऊजी," भिंगरीची आई म्हणाली, "चहा घ्या. आणि ते पुसायचं काही असेल, तर टेबल पुसा. धूळ तुम्हीच उडवलीय."

आजी इतकी हसली की भिंगरी जागी झाली.

पाचला थोडे कमी असताना उत्तर आलं. तारीख पक्की. आदल्या रात्री दाखल व्हा, सकाळी उपाशी ठेवा, जुने कागद बरोबर आणा. तिने ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि मग परत एकटीने वाचलं.

आता माझं म्हणाल, तर नवा सेल अजून आलेला नाही. काका उद्या आणतो म्हणाला आहे. त्याचा उद्या कधी उगवतो ते मी कसं सांगू, माझा स्वतःचाच अजून एक जानेवारी आहे! भिंगरीची आई रोज चालू केल्यावर आधी माझी तारीख नीट करायची, मग बाकीचं. वैतागायची, पण करायची.

आज मात्र ती घरी नाही. ती, बाबा आणि भिंगरी कालच हॉस्पिटलात गेले. जाताना आजीला बजावून गेली, "आई, काही आलं तर बंद करू नका, वाचा." तेव्हापासून आजी चष्मा लावून माझ्यासमोर ठाण मांडून बसली आहे आणि मी दाखवेन ते खणखणीत आवाजात वाचते आहे. प्रिंटर सापडला नाही, हेसुद्धा. या घरात प्रिंटर कधी नव्हताच. पण वाचते, आणि मला बरं वाटतं.

तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणीतरी असेलच. तो चौकट दाखवतो ती तुम्हाला घाबरवायला नाही. त्याला दुसरी तोंडाची सोय नाही म्हणून दाखवतो. तेव्हा एवढं करा, बंद करण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. कळलं नाही तर घरातल्या दुसऱ्या कुणाला वाचायला लावा. आणि हे तुमच्यापाशीच ठेवू नका. शेजारच्या वहिनींना सांगा, मुलांना शाळेत सोडताना भेटतात त्या आयांना सांगा, आणि प्रत्येक घरात एक काका असतोच, त्याला तर आवर्जून सांगा.