कडूबाचा पुतळा

सतरा सप्टेंबरला सकाळीच गावाहून काकासाहेब पाटलाची जीप शहरात गुलमंडीत येऊन उभी राहायची, आणि दत्तोपंतांचा चहा त्या दिवशी कपातच निवून जायचा. यंदा तर निजामाच्या राज्यातून मुक्तीचं सुवर्णमहोत्सवी वर्ष. लेक सरोजिनी म्हणाली, "बाबा, गुडघे दुखताहेत म्हणून कळवा ना." दत्तोपंतांनी टोपी झटकली नि म्हणाले, "गुडघ्यांचं काय, ते रोजच दुखतात."

गोदाकाठचं चिंचठाण हे त्यांचं गाव. निजामाच्या राज्यात नदीच्या या अंगाला करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता, पलीकडं इंग्रजांचा, आता स्वतंत्र झालेला मुलूख. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात गावातल्या पाच जणांनी तो नाका उडवून द्यायचा बेत केला. म्होरक्या पाटलांचा मुलगा तात्यासाहेब. दत्तोपंत कुळकर्ण्यांचे, मिसरूड नुकतं फुटलेलं. सुरुंगाची दारू पलीकडून आणायची होती, ती पाचातल्याच कडूबा नावाड्याच्या नावेतून. चौघं नाक्याजवळ पोचले तर शिपाई आधीच दबा धरून बसलेले. तात्यासाहेब जागीच गेला. बाकीचे तिघं राजद्रोहाच्या खटल्यात हर्सूलच्या तुरुंगात. कडूबा तेवढा नदीच्या मधोमध होता, म्हणून वाचला.

वाचला, हाच त्याचा गुन्हा ठरला.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, तिघं सुटून आले, तोवर गावानं फितूर म्हणून कडूबाची नाव जाळून टाकली होती. दत्तोपंतांना तुरुंगातल्या एका शिपायानं खरं काय ते हसत हसत सांगितलं होतं. "तुम्हारेच पाटील के छोरे ने गंगापूर के बाजार में बड़ी बड़ी बातां मारी. कान तो सबको है, पंत." गावात पाऊल टाकताच दत्तोपंत हे चावडीवर बोलले. पाटील उठून गेले. कुणीतरी म्हणालं, मेलेल्या लेकराला बदनाम करू नका. पुढल्याच उन्हाळ्यात कडूबा तापानं गेला. त्याच्या तिरडीला खांदा द्यायला माणसं पुरली नाहीत, असं दत्तोपंतांनी शहरात ऐकलं. तोवर ते नोकरीला लागले होते.

पुढं गावात तात्यासाहेबांचं स्मारक झालं, आणि झेंडावंदनानंतर फितुराचा पुतळा जाळायची चाल पडली. कडब्याचा माणूस, डोक्याला पटका, हातात वल्हं. जोडीदार एकेक करून गेले. मशाल लावायचा मान दत्तोपंतांकडं आला. ते दरवर्षी जायचे, दरवर्षी बोलायचे, मग मशाल लावायचे.

यंदा मंडप मोठा होता, वरून पाहुणे आले होते. तात्यासाहेबांचा पुतण्या काकासाहेब माइक धरून उभा. दत्तोपंत उठले.

"मी एवढंच सांगतो," ते म्हणाले, "कडूबा फितूर नव्हता. बातमी फुटली ती गंगापूरच्या..."

टाळ्या पडल्या. नेहमी इथंच पडायच्या. काकासाहेबानं हात जोडून माइक ओढून घेतला. "पंतांचं मन बघा! वैऱ्यालाबी दरसाल माफ करत्यात! असली माणसं आता व्हायची नायत!" बँडवाल्यांनी सुरुवात केली. पेटलेली मशाल दत्तोपंतांच्या हातात आली.

त्यांनी मशालीकडं पाहिलं. राग येईल असं वाटलं होतं, आला नाही. त्यांनी मशाल शेजारच्या माणसाच्या हातात दिली, काठी घेतली आणि मंडपाच्या मागल्या बाजूनं उतरले. लोकांना वाटलं, लघवीला चालले असतील.

कडूबाच्या लेकीचं, आशाबाईचं घर नदीकडच्या आळीला. दार लावलेलं होतं. त्यांनी कडी वाजवली.

"कोण हाय?"

"दत्तू. कुळकर्ण्यांचा."

बऱ्याच वेळानं दार उघडलं. आशाबाई अंगणात तुरीची डाळ पाखडत होती, सूप हातातच. पन्नाशी उलटलेली, केस पांढरे. आत या म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही. दत्तोपंत ओट्यावर टेकले.

"मी आज पुन्हा सांगितलं लोकांना," ते म्हणाले.

"ऐकू आलं. भोंगा हाय ना." तिनं सूप खाली ठेवलं. "काका, एक इचारू? तुम्ही दरसाल म्हणता माझा बाप फितूर नव्हता. आन् मंग आग बी तुम्हीच लावता. मला लहानपणापासून ह्ये कोडं सुटंना."

दत्तोपंतांनी काठी ओट्याला टेकवली. मग म्हणाले, "आज नाही लावली."

इतक्यात मंडपाकडून आरोळी उठली. कडबा ओला असावा. धूर आळीपर्यंत आला.

"लावली कुणीतरी," आशाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. आत जाऊन तिनं तांब्या आणला. दत्तोपंत पाणी पीत असताना तिनं तांब्याला खालून आधार दिला.

काकासाहेब स्वतः शोधत आला. उंबऱ्याबाहेरच थांबला. "पंत, सत्काराची शाल राहिली ना! पाव्हणे खोळंबल्यात."

"या की आत, काकासाहेब," आशाबाई म्हणाली.

तो आत आला नाही. चपलेकडं बघत राहिला.

"शाल नको," दत्तोपंत म्हणाले. "आणि पुढल्या वर्षी जीप पाठवू नका. पुतळा जाळायचा तर तुम्ही जाळा. माझ्या नावावर नको."

"मंग मशाल कोणी लावायची?" काकासाहेबानं खरंच काळजीनं विचारलं. दत्तोपंतांनी रिकामा तांब्या आशाबाईकडं दिला. "बघू. हेडमास्तरला सांगू," म्हणत तो वळला. दोन पावलं गेल्यावर थांबून म्हणाला, "आशे, लाईट येती का नीट इकडं?" तिनं मान हलवली. तो गेला.

"नाय बदलायचं काई," आशाबाई म्हणाली.

"नाही बदलायचं," दत्तोपंतही म्हणाले. "मी दमलो, एवढंच."

"मी बी दमले. पर मला कुठं जाता येतं?"

तिनं भाकरी टाकली, लसणाची चटणी वाढली. दोघांनी खाल्लं. नावेतून जाताना कडूबा कसा ओरडून हसायचा, ते दत्तोपंतांनी सांगितलं. आशाबाईला ते हसणं आठवत नव्हतं. तिनं पुन्हा सांगायला लावलं.

ऊन कललं तेव्हा ती त्यांना फाट्यापर्यंत सोडायला आली. मंडपाखालून जावं लागलं. काही माणसं बघत राहिली. ती भराभर चालली नाही, त्यांच्या काठीच्या चालीनं चालली. एसटी आली, गच्च भरलेली. आशाबाईनं त्यांना पायरीवर चढवलं आणि कंडक्टरला मोठ्यानं सांगितलं, "आमचे पाव्हणे हायेत, बसायला जागा द्या!"

जागा कुणी दिली नाही. पंत गंगापूरपर्यंत उभेच गेले.