माझ्या तोंडावरची रेघ

मी डॅम्पर बोलतोय. आजवर आतल्या आत कण्हून, करकरून, थरथरून सांगून झालं. कोणी ऐकलं नाही. आता निवांत बसून सांगतो. डिझेल इंजिनाच्या पुढच्या अंगाला, क्रँकच्या टोकावर, जे जाडजूड लोखंडी चाक गरगरत असतं ना, तो मी. माझ्यावरून पट्टा जातो म्हणून लोक मला पुली म्हणतात. हत्तीच्या पाठीवर कावळा बसला म्हणून हत्तीला कोणी फांदी म्हणत नाही. मला मात्र म्हणतात.

माझं खरं काम ऐका. आमच्या इंजिनात सहा सिलिंडर, म्हणजे सहा दांडगे. ज्याची पाळी येईल तो क्रँकला अशी लाथ हाणतो, की ते पोलादी दांडकं ओल्या टॉवेलसारखं पिळवटतं. पीळ बसतो, सुटतो, पुन्हा बसतो, मिनिटाला हजारो वेळा. तो पीळ मी गिळतो. मधोमध माझा लोखंडी गाभा, बाहेर जड कडं, आणि दोघांच्या मध्ये रबराचं वेटोळं. धक्का आला की कडं जरासं मागे रेंगाळतं, रबर ताणलं जातं आणि धक्का तिथंच विरतो. विरलेला धक्का कोणाला दिसत नाही, म्हणून माझं कौतुकही कोणी करत नाही.

कारखान्यात मला तोलून बघितलं तेव्हा एका बाजूला मी गुंजभर जड निघालो. लगेच दोन भोकं पाडून माझी तब्येत जागेवर आणली. तिथून निघालो तो थेट एका बोटीच्या इंजिनावर चढलो. नदीच्या या काठावरची माणसं त्या काठावर नेणारी चाळीस जणांची बोट. चालवायची घरची सूनबाई. नवरा दूर नोकरीला, आणि घराची चूल याच बोटीवर.

मला बसवणारा फिटर माणूस मोठा चोख. त्यानं बारीक ब्रशनं पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली, गाभ्यापासून रबरावरून थेट कड्यापर्यंत. म्हणाला, "ताई, दर सोमवारी ही रेघ बघायची. रबर थकलं की कडं सरकतं, आणि कडं सरकलं की रेघ मध्येच तुटते. तुटलेली दिसली की बोट बांधायची आणि मला फोन करायचा. रबराला तेल मात्र लागू देऊ नका."

आणि ती बघायची. दर सोमवारी पहिल्या फेरीआधी इंजिनाच्या पेटीचं झाकण उघडून, बॅटरीच्या उजेडात. कोरड्या फडक्यानं माझं तोंड पुसायची. अशी सात वर्षं गेली.

मग वरचं एक सील झिरपायला लागलं. थेंब थेंब तेल रबराच्या मागच्या अंगावर, जिथं तिचं फडकं पोचत नसे. रबर फुगलं, त्याला भेगा पडल्या, आणि एका शनिवारी भर प्रवाहात माझं कडं चार बोटं सरकलं. रेघ तुटली. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. म्हटलं, दोन दिवस कळ काढ बाबा, सोमवारी सुटका.

पण सोमवारच्या आधी रविवार येतो, आणि रविवारी आले मास्तर.

मास्तर म्हणजे सूनबाईंचे सासरे. चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. बोटीला दरवर्षी रंग देणं हा त्यांचा स्वतःहून घेतलेला हक्क. त्या दिवशी कठडे झाले, बाकं झाली, इंजिनाची पेटी झाली, आणि पेटीच्या आत मी.

"कोणाचा हात हा?" माझ्याकडे बघून ते पुटपुटले. "अर्धी रेघ इकडे, अर्धी तिकडे. पाचवीतली मुलंसुद्धा बरी काढतात."

थिनरच्या बोळ्यानं त्यांनी ती तुटलेली रेघ पुसली. खिशातून पोलादी पट्टी काढली आणि नवी रेघ ओढली. एका दमात, केसाइतकी बारीक आणि सरळ. इतकी सुंदर, की मला रडू आलं. कारण वेगळं होतं.

सोमवारी सूनबाईंनी बॅटरी मारली. "बाबा, तुम्ही रेघ उजळलीत का?"

"हो. जरा बरी केली."

"छान झालीय," ती म्हणाली आणि झाकण लावलं. माझ्या तोंडावर.

पुढचे तीन महिने आठवले तरी अंगाला कंप सुटतो. कडं सरकलं तिथंच फुगलेल्या रबरात घट्ट अडकून बसलं होतं; क्रँकचा पीळ आता गिळणार कोण? सगळी बोट थरथरायला लागली. पाण्याचा तांब्या या बाकाखालून त्या बाकाखाली आपल्या पायांनी जायचा. एका आजोबांच्या कवळीनं त्यांना न विचारता शेजारणीशी गप्पा मारल्या. पट्टा तीनदा उडाला, तीनदा नवा घातला. इंजिनाखालची रबरं बदलली. बोटीचा पाण्यातला पंखा काढून तासून आणला. डिझेल गाळून घेतलं. मला सोडून सगळ्यांची चौकशी झाली. आणि सोमवारी माझ्याकडे बघून, "रेघ सरळ आहे," असं म्हणून झाकण बंद.

सूनबाई धास्तावली होती. इंजिन जरा वाढवलं की पायाखाली गुणगुण उठायची, म्हणून ती अर्ध्या वेगानंच चालवायची. नदीच्या मध्यावर ओढ जबर, आणि प्रवाहाच्या खालच्या अंगाला पडक्या पुलाचे दगडी खांब. तिथं क्रँक तुटला तर चाळीस माणसं घेऊन बोट सरळ त्या खांबांवर. हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. फरक एवढाच, की कारण मला ठाऊक होतं.

शेवटी तिनं एक दिवस फेऱ्या बंद ठेवून फिटरला बोलावलं. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "रेघ?"

"सरळ आहे, काका. दर सोमवारी बघते."

झालं. तोही माझ्याकडे पाठ करून व्हॉल्व्ह जुळवायला बसला. त्यासाठी पहिला पिस्टन वर आणायचा असतो. तो वर आला, की माझ्या कड्यावरची खाच इंजिनावरच्या खुणेसमोर यायला हवी. पिस्टन वर आला. खाच चार बोटं लांब. त्यानं पुन्हा फिरवून बघितलं. पाना खाली ठेवला.

"ताई, कडं सरकलंय. मग ही रेघ सरळ कशी?"

काठावर मास्तर नांगराला रंग देत होते. त्यांचा ब्रश थांबला. "मी काढली," ते म्हणाले. "तुटलेली होती. वाईट दिसत होती."

सूनबाईंनी त्या सरळ रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बाबा, ती तुटायलाच काढली होती."

मला उतरवताना मास्तर घण घेऊन आले. मदत करायची म्हणून.

"मास्तर, तो घण आधी घरी ठेवून या," फिटर म्हणाला. मग त्यानं माझ्या गाभ्यात तीन बोल्ट घालून पुलर लावला आणि हळूहळू मला ओढून काढलं. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं, क्रँक पुसून लाल औषध फवारलं, ते पुसून वर पांढरी पावडर मारली. तडा असेल तर पावडरीवर लाल रेघ उमटते. मास्तर चष्मा सावरत वाकून बसले होते. आयुष्यभर रेघा काढलेला माणूस एकही रेघ दिसू नये म्हणून बघत होता. इंच इंच तपासायला अर्धा तास लागला.

"वाचलात," फिटर म्हणाला.

मास्तर तिथंच फळीवर बसले. सूनबाईंनी त्यांना पाणी आणून दिलं.

गळकं सील बदललं, माझ्या जागी नवा डॅम्पर बसला, बोल्ट पान्यानं ठरलेल्या मापाइतकेच आवळले. आता माझं एवढंच मागणं. तुमच्या इंजिनावर माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला तेलापासून वाचवा, घणानं ठोकू नका, आणि तो वाकडा दिसला तर त्याला सजवण्याआधी का वाकडा झाला ते विचारा.

मोडीत जाण्यासाठी मी त्याच बोटीनं पलीकडे निघालो, मास्तरांच्या मांडीवर. मध्यावर सूनबाईंनी कितीतरी दिवसांनी इंजिन पूर्ण वेगानं सोडलं. सगळे गप्प बसून कानोसा घेऊ लागले. काही नाही. एक बाई झोपली होती, ती झोपूनच राहिली.

सात वर्षं मी पेटीत कोंडलेला होतो. त्या दिवशी पहिल्यांदाच मान वर करून बघितलं. नदी एवढी मोठी असते, हेसुद्धा मला कोणी सांगितलं नव्हतं.