बावीस ओळी

वृषाली पाच पुस्तकं घेऊन बारामतीजवळ जळोचीला आली तेव्हा विजयसिंह सर गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होते. बारामतीच्या कॉलेजात सर एकतीस वर्षं ग्रंथपाल होते, आणि ही पोरगी तेव्हा मधल्या सुट्टीत डबा सोडून कपाटांच्या मध्ये उभी राहून वाचायची. आता ती पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशनात संपादक होती.

"सर, आमच्या प्रकाशनाच्या बक्षिसाला तुम्ही परीक्षक व्हायचंय," ती म्हणाली. "गेल्या तीन वर्षांतल्या मराठी कादंबऱ्या. सगळ्या प्रेमकथा." मग जरा थांबून, "दोन पुरुषांच्या."

सरांनी हातातल्या शर्टाची घडी घातली. ती वाकडी आली, म्हणून मोडून परत घातली.

"मीच का?"

"कारण एखादं पुस्तक फसलं असेल तर तुम्ही तोंडावर सांगता. तिसऱ्या परीक्षक राजलक्ष्मीताई आहेत, पुण्याच्या समीक्षक. आम्ही दोघी शहरातल्या. त्यात दोन-तीन गावाकडच्या कादंबऱ्या आहेत, त्या खऱ्या की खोट्या हे आम्हाला कळायचं नाही."

सरांचं वय बासष्ट. लग्न केलं नव्हतं. गावाकडं, वडगाव निंबाळकरला, भाऊबंद म्हणायचे, आमच्या विजयसिंहानं पुस्तकांशीच लग्न लावलंय. सरांना ते उत्तर सोयीचं होतं, त्यांनी ते कधी खोडून काढलं नाही. वृषालीला त्यापलीकडचं काही माहीत होतं का, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

"ठेव तिथं," ते म्हणाले.

पहिली कादंबरी त्यांना दोन दिवसांतच कंटाळवाणी झाली. दोन्ही नायक पुण्यातल्या अकराव्या मजल्यावर राहत होते, दोघांचीही शरीरं व्यायामानं कमावलेली, आणि कुणालाच कधी सर्दी होत नव्हती. दुसरीत लेखकानं ऊस भर पावसाळ्यात तोडायला लावला होता. सरांनी वहीत लिहिलं, 'प्रेम खरं वाटतं, ऊस खोटा.' तिसरीत भाषणंच फार. चौथी पांढऱ्या कव्हरची होती. एक मोबाइल दुरुस्तीवाला आणि एक पतपेढीतला कारकून तालुक्याच्या गावात भाड्यानं घर घेतात, गॅस कुणी आणायचा यावरून भांडतात, आणि शेवटी एक जण भांडी घासतो आणि दुसरा पुसतो. एवढंच. सरांनी तिला शंभरात चोपन्न गुण दिले आणि शेरा मारला, 'असं होत नाही.'

पाचवी हिरव्या कव्हरची. ती त्यांनी एका बैठकीत वाचली. कॉलेजातले दोन मित्र. एकाचं घरचे लग्न लावून देतात. दुसरा त्या लग्नात वरातीपुढं नाचतो आणि मग गाव सोडून जातो. वीस वर्षांनी तो आजारी पडून मरतो आणि पहिल्याला ते पेपरातून कळतं. पुस्तक मिटलं तेव्हा उन्हं उतरली होती आणि सरांचा चष्मा ओला झाला होता. त्यांनी ब्याण्णव गुण दिले. मग उठून तोंड धुतलं, आणि ज्ञानेशला फोन लावला.

ज्ञानेश इंदापूर तालुक्यातला, निमगाव केतकीच्या अलीकडचा. ब्याऐंशी साली दोघं बारामतीला बी.ए.ला होते. ज्ञानेश रोज पहिल्या एसटीनं यायचा, आणि त्याच्या दप्तराला घरच्या पानमळ्याचा वास यायचा. तास संपले की दोघं नीरेच्या डाव्या कालव्याच्या कडेला बसून वाचायचे. तेव्हा ग्रंथालयाचं कार्ड एकट्या विजयसिंहाकडं होतं आणि त्यावर एकच पुस्तक मिळायचं, म्हणून एकच पुस्तक दोघांत. वाचणारा ज्ञानेश, ऐकणारा विजयसिंह.

त्या दिवसांत दोन पुरुषांची प्रेमकथा कुठल्याच कपाटात नव्हती. ज्या मिळायच्या त्याच ज्ञानेश वाचायचा आणि वाचता वाचता नायिकेचा नायक करून टाकायचा. मराठीत हे सोपं नाही. 'ती आली'चं 'तो आला' होतं, पण मग लाजली, हसली, रुसली, सगळंच बदलावं लागतं, पदराचा सदरा करावा लागतो. ज्ञानेश ते एका दमात करायचा. एकदा त्याच्या हातून गजरा तसाच राहिला आणि नायक केसांत मोगरा माळून एसटीत चढला, तेव्हा दोघं इतके हसले की पलीकडं म्हशी धुणारा माणूस थांबून बघायला लागला. हसणं थांबल्यावर ज्ञानेशनं विजयसिंहाचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. पुढची दोन वर्षं त्या कालव्याच्या कडेची होती. त्याहून मोठं सुख सरांना नंतर कधी मिळालं नाही, आणि त्याची तक्रारही त्यांनी कधी कुणापाशी केली नाही.

शहाऐंशीला ज्ञानेशचं लग्न झालं. विजयसिंह वरातीपुढं नाचले होते. बारामती मात्र त्यांनी सोडली नव्हती, आणि ते मेलेही नव्हते.

"कोण? विजा?" फोनवर ज्ञानेश ओरडला. "आरं किती वर्सांनी!"

"नऊ. तुझ्या पोरीच्या लग्नानंतर भेट नाही. ज्ञाना, एक पुस्तक वाचशील का?"

"आण की."

एसटी भवानीनगर, जंक्शन, लासुर्णे अशी गावं करत गेली. सरांनी पिशवीत हिरवं पुस्तक घेतलं होतं. उतरायच्या वेळी बघितलं तर पांढरंही आत होतं, उचलताना दोन्ही आली असावीत.

ज्ञानेश फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभा होता. केस सगळे पांढरे, पोट थोडं सुटलेलं. पानमळा मोडून त्यानं डाळिंब लावलं होतं. पडवीत त्याची बायको कौसल्या डोळ्यांना काळा चष्मा लावून बसली होती.

"मोतीबिंदूचं आपरेशन झालंय भाऊजी," ती म्हणाली. "म्हैनाभर कायबी बघायचं न्हाय म्हणं. पेपरसुदिक हेच वाचून दावत्यात मला. बरं झालं आला. काय आणलंय?"

सर गडबडले. "पुस्तकं आहेत, वहिनी. कादंबऱ्या."

"मग वाचतील की हे. दुपारचं आमाला दुसरं काम काय हाय?"

सरांनी ज्ञानेशकडं बघितलं. ज्ञानेशनं हिरवं पुस्तक उलटंपालटं केलं, मागचा मजकूर वाचला, आणि त्याचे कान लाल झाले. तरी तो म्हणाला, "ठेव. दोनीबी ठेव."

परतीच्या एसटीत सर स्वतःवर चिडले होते. जे त्यांना एकट्या ज्ञानेशच्या हातात द्यायचं होतं, ते आता पडवीत मोठ्यानं वाचलं जाणार होतं, आणि ऐकणार होती कौसल्या.

बारा दिवसांनी ज्ञानेशचाच फोन आला. "झाली दोनी. ही म्हणतीय, भाऊजींना बोलीव."

या वेळी कौसल्यानं चहाबरोबर शेंगदाण्याचे लाडू ठेवले आणि सर टेकायच्या आत सुरुवात केली.

"ती हिरवी लई रडवती. ह्यांना दोन जाग्यांवर वाचताच येईना. पर मला सांगा भाऊजी, त्या बाईचं काय झालं?"

"कुठल्या बाईचं?"

"आता! त्याच्याबर लगीन लावून दिलं ती. नाव तरी हाय का तिला? आली, सैपाक केला, दोन पोरं झाली, दारात हुबी ऱ्हायली. त्यो मित्र मेला म्हणून हा रडतोय, तर ही मागनं पाणी घिऊन येती. तिला काय वाटलं ते लिवणाऱ्यानं इचारलंच न्हाय."

सरांनी पुस्तक हातात घेतलं. त्यांनी ते तीनदा वाचलं होतं. बायकोचं नाव त्यांना आठवेना.

"आन ती पांढरी?" त्यांनी विचारलं. त्यांच्या तोंडी आता इकडचीच बोली यायला लागली होती.

"ती मला आवडली," ज्ञानेश म्हणाला. तो इतका वेळ खाली बघत होता. "शब्द बदलावं लागलं न्हाईत एकबी. सरळ वाचत गेलो."

"पर ज्ञाना, असं हुतं का? दोघं घर घेत्यात, शेजारी कोन बोलत न्हाय, सुखानं ऱ्हात्यात?"

"आपल्याला झालं न्हाय म्हणून कुनालाच हुत न्हाय व्हय?"

ज्ञानेशच्या ध्यानात आलं आपण काय बोललो, आणि तो कौसल्याकडं बघायला लागला. सरांना वाटलं उठावं आणि फाट्यापर्यंत चालत जावं.

कौसल्यानं लाडवाची ताटली चाचपून सरांच्या पुढं सरकवली.

"खावा," ती म्हणाली. "चाळीस वर्सं होत आली. माझं डोळं आता गेल्यात, तवा चांगलं हुतं. वरातीत सगळी नाचत हुती, पर असं रडत नाचणारं एकच मानूस हुतं." मग थोड्या वेळानं, "ह्यांनी मला कदी वाईट वागवलं न्हाय. पर मी बी कदी कुनाला सांगितलं न्हाय काय वाटतं ते. इचारलंच न्हाय कुनी. म्हणून त्या पुस्तकाचा राग आला."

इतक्या वर्षांत सरांनी स्वतःचं दुःख नीट जपून ठेवलं होतं, ज्ञानेशचंही त्यात धरलं होतं. तिसरं कुणी त्यांच्या हिशेबात आलंच नव्हतं.

"वहिनी," ते शेवटी म्हणाले, "माझं चुकलं."

"तुमचं कशानं? खावा लाडू."

घरी येऊन त्यांनी हिरवी कादंबरी पुन्हा उघडली आणि पेन्सिल घेऊन बसले. दोनशे चाळीस पानांत त्या बायकोला बावीस ओळी होत्या. नाव एकदाच, लग्नपत्रिकेत.

परीक्षकांची बैठक वृषालीच्या लॅपटॉपवर झाली. राजलक्ष्मीताई पडद्यावर होत्या. "हिरवीवर आपलं एकमत दिसतंय," त्या म्हणाल्या. "सर, तुमचे तर सगळ्यात जास्त आहेत, ब्याण्णव."

"ते बदलायचेत. त्र्याहत्तर करा. आणि पांढरीला चोपन्नाचे ऐंशी."

"एवढा फरक? का?"

"ब्याण्णव मी कादंबरीला दिले नव्हते, माझ्या आठवणींना दिले होते. आणि पांढरीचे कापले ते हेव्यापोटी." वृषालीनं मान वर केली. सर पुढं बोलत राहिले, आवाज न चढवता. "हिरवीतल्या बाईला बावीस ओळी आहेत. मी मोजल्या. दोन पुरुषांवर अन्याय झाला हे लेखकाला कळलं. तिसऱ्या माणसाचं त्याला कळलं नाही. मलाही कळलं नव्हतं, कुणीतरी सांगितलं तेव्हा कळलं."

राजलक्ष्मीताई म्हणाल्या की मुद्दा बरोबर आहे, पण भाषेत हिरवीच्या जवळ दुसरी जात नाही. त्यात खोटं काही नव्हतं. बरीच चर्चा झाली. शेवटी दोन विरुद्ध एक, हिरवीला पहिलं बक्षीस आणि पांढरीला दुसरं. सरांनी एवढंच मागितलं की आपलं मत परीक्षकांच्या निवेदनात छापावं. वृषालीनं ते जसंच्या तसं छापलं.

बक्षीस समारंभ बारामतीलाच झाला. हिरवीचा लेखक यशराज तिशीचा होता. हार-पुष्पगुच्छ आटोपल्यावर तो निवेदनाचा कागद घेऊन सरांपाशी आला. सर सावरून बसले.

"सर, तिच्यावर मी चाळीस पानं लिहिली होती," तो म्हणाला. "पहिल्या खर्ड्यात. मग काढून टाकली. वाटलं, दोघांच्या गोष्टीत हिचं कोण वाचणार?"

"आहेत अजून?"

"आहेत."

"मला पाठव. वाचणारं माणूस आहे माझ्याकडं."

पानं दोन दिवसांनी फोनवर आली. सरांनी ती चौकातल्या दुकानात छापून घेतली आणि गुरुवारी इंदापूरची एसटी धरली. कौसल्याचा काळा चष्मा निघाला होता, पण बारीक अक्षर अजून लागत नव्हतं. ती पडवीत भिंतीला टेकून बसली, आणि ज्ञानेशनं वाचायला घेतलं.

लग्नानंतरची पहिली सकाळ होती. नवी नवरी उठते, तिला हंडा कुठं ठेवलाय ते माहीत नसतं, आणि कुणाला विचारावं तेही कळत नाही. नवरा ओसरीवर बसून रस्त्याकडं बघत असतो.

"थांबा," कौसल्या म्हणाली. "परत वाचा तेवढं."

ज्ञानेशनं परत वाचलं. तिसऱ्या ओळीवर त्याचा आवाज अडकला. तो खाकरला, पाणी प्यायला, तरी पुढचा शब्द निघेना.

विजयसिंहांनी त्याच्या हातातून कागद घेतले, चष्मा लावला आणि तिथून पुढं वाचायला लागले.