उशिरा बोलणारी बाई

कॉम्प्युटरच्या पडद्यावर विंडो ओढली की ती जेलीसारखी डुगडुगते.

मामाने चहात साखर दोनदा घातली.

"पुढच्या महिन्यापासून दुसरं कुणी बघा," मामाचं वकीलबाईंना फोनवर सांगून झालं.

बाई उशिरा बोलते.

बाई म्हणजे मामाच्या कॉम्प्युटरमधला आवाज. मामाला दिसत नाही. एका कानात वकीलबाईंनी रेकॉर्ड करून पाठवलेला मजकूर, दुसऱ्या कानात बाई. मामा जे अक्षर दाबेल ते बाईने लगेच उच्चारायचं, की बोटं पुढे पळाली. या टायपिंगवर घर चालत होतं, मानही ताठ होती. मामी त्या बाईला सवत म्हणायची.

भाचा रविवारी जेवायला आला, तेव्हा त्या फोनची बातमी मामीने वाढता वाढता सांगितली.

"काम सोडतोयस? का पण?"

"बोटं म्हातारी झाली रे," मामा म्हणाला. "की दाबतो, बाई गप्प. वाटतं, दाबलीच नाही. पुन्हा दाबतो, तर अक्षर दोनदा! आता कशाचाच भरवसा वाटत नाही. परवा साखर..."

"चहा कसला, पाक झाला होता," मामी म्हणाली.

भाच्याने हातातला घास ताटात ठेवला. मामाच्या कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टीम त्यानेच घातली होती. फुकट आहे, सुरक्षित आहे, बघच तू! मामाने हूं की चूं केलं नव्हतं. भाच्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

हात धुऊन तो कॉम्प्युटरसमोर बसला. एक की दाबली. बाई गप्प. मग बोलली.

पडद्यावर सावल्या, काचेसारख्या पट्ट्या, डुलत उघडणाऱ्या विंडो. जुन्या यंत्राचा सगळा जीव या नटण्यामुरडण्यात चालला होता, बाईच्या वाट्याला उरलंसुरलं. सिस्टीम घालताना डेस्कटॉपची, म्हणजे पडद्याच्या रूपांची, यादी निवडायला आली होती; साधा, हलका डेस्कटॉप त्याच यादीत खाली होता. तो भिकारडा दिसतो म्हणून भाच्याने घेतला नव्हता.

दिसतो. कुणाला?



"जरा साफसफाई करतो," असं पुटपुटत त्याने साधा डेस्कटॉप चढवला आणि मामाला खुर्चीत बसवलं. बोटं पडली. बाई बरोबरीने बोलू लागली.

"अगं, ऐक! आज बोटं चालतायत!"

"रात्री घोरलात ना पोटभर, म्हणून."

भाचाही हसला. इथेच गप्प बसला असता तर झाकली मूठ राहिली असती.

"तरी वकीलबाईंना सांगून टाकलं तेच बरं," मामा म्हणाला. "आज चालतायत, उद्याचं काय? कुणी ऊठ म्हणायच्या आधी उठावं माणसाने."

"मामा, बोटं ठीकच होती." भाच्याने खाली बघितलं. समोरच्याला दिसत नाही हे माहीत असूनही. "मी घातलेलं ते... दिसायला छान होतं. त्यानेच बाई रेंगाळायची. तुझं काहीच चुकत नव्हतं."

"आंधळ्यापुढे आरसा!" मामीच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने जीभ चावली.

मामाने बोटं कीबोर्डवरून उचलली.

"म्हणजे मी नव्हतो," तो म्हणाला. त्याने हात पुढे केला. "फोन कुठंय?"

भाच्याने फोन त्याच्या हातात दिला. मामाने तो परत केला.

"तूच लाव. आणि काय झालं ते वकीलबाईंना तूच सांग. सगळं."

पलीकडे रिंग वाजू लागली. वकीलबाईंनी फोन उचलला. "नमस्कार मॅडम, मी त्यांचा भाचा..."

भाच्याने नवी घालण्याआधी मामाची जुनी सिस्टीम ठणठणीत चालत होती.