आंजीच्या व्हॅनची उंच झालेली पायरी

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे. निदान मला तरी तसं वाटतं. माझं इंजिन काढलं, डिझेलची टाकी काढली, धुराची नळीही काढली. एवढं गेल्यावर उरते ती मीच का, हे मला नीट सांगता येत नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी आंजी गावची रुग्णांची गाडी. तीन वर्षांपासून आठवड्यातून दोनदा गावातल्या कमलाबाईंना डायलिसिससाठी वर्ध्याला नेते. माझं इंजिन थकलं, तेव्हा गावाने मला बॅटरीवर चालवायचं ठरवलं. हे काम रक्षाताई नावाच्या इंजिनिअरबाईंकडे गेलं. त्यांनी बॅटरीची एकच मोठी पेटी माझ्या फरशीवर बसवली आणि वर नवा पत्रा ठोकला. मग सीटांवर माणसांच्या वजनाची सरकीची पोती ठेवून मला पुलगावपर्यंत पळवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र गोंधळले होते. पुढे पोकळ, मधे जड. आपण नक्की कुठून चालतो तेच कळेना.

मंगळवारी कमलाबाई दाराशी आल्या. फरशी दहा इंच वर गेली होती. पाय उचलला, पण पोचेना.

"मावशी, जरा जोर लावा," रक्षाताई म्हणाल्या.

"जोर असता तं दवाखान्यात काहाले गेली असती व पोरी?"

ड्रायव्हर चंद्रभान त्यांना उचलायला वाकला.

"हात नको लावू! मी काय पोतं आहो?"

"ताई, तुम्ही पोत्याईनंच मोजलं," चंद्रभान म्हणाला. "पोत्याले गुडघे नसते."

रक्षाताईंचा चेहरा उतरला. त्या दिवशी कमलाबाई ऑटोतून गेल्या, तासभर उशिरा, अंग सुजलेलं. पुढची पाळी शुक्रवारी होती. ऑटोतले हादरे त्यांना पुन्हा सोसणार नव्हते.

रक्षाताईंनी ती पेटी फोडून बॅटरीचे चार भाग केले. एक इंजिनाच्या जागी गेला, एक टाकीच्या जागी, एक मागच्या सीटखाली. चौथा कुठेच मावला नाही. दारापाशी फरशी पुन्हा खाली आली. पण आता एका चार्जिंगवर मी जेमतेम वर्ध्याला पोचते.

शुक्रवारी कमलाबाई स्वतः चढल्या. "चाल रे चंद्रभान, सगळे माह्या तोंडाकडे पाहून राह्यले!"

मित्रांनो, मोठेपणी तुम्ही अशा गाड्या बनवाल. आत काय कुठे बसवायचं हे ठरवण्याआधी, ज्याला चढायला सगळ्यांत जड जातं त्याला दाराशी बोलवा. मी काही शहाणी नाही. माझं काळीज आता पुढे आहे की मागे, तेही मला ठाऊक नाही. दवाखान्यात पोचलो की चंद्रभान मला चार्जिंगला लावतो. चार तास कमलाबाई आत नळीला जोडलेल्या असतात, मी बाहेर वायरला. मग आम्ही दोघी घरी जातो.