कड्यावरचा कोबी

प्रकाशचंदजींनी लेकीचा पासपोर्ट दुकानाच्या तिजोरीत टाकला, तेव्हा त्यांच्या पत्नी धनकुंवरबाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांचा वर्षीतप चालू होता. वर्षभर एक दिवस उपास, एक दिवस जेवण. चढ्या आवाजात बोलताना त्यांना पाचोऱ्यात कुणी ऐकलंच नव्हतं.

जिनल वनस्पतिशास्त्र शिकलेली. पार दक्षिणेच्या थंड समुद्रातल्या एका बेटावर वर्षभराच्या कामाचं बोलावणं तिला आलं होतं. तिथं झाड नावाला नाही, आणि वारा असा की माशीलासुद्धा पंख ठेवणं परवडत नाही.

"मग उगवतं काय?" आईनं विचारलं होतं.

"कोबी, मम्मी." जिनलनं फोन पुढं केला. खडकाला बिलगलेला जाड पानांचा गड्डा. "खलाशांनी ससे सोडले, त्यांनी बेट खाऊन टाकलं. हा तेवढा कड्यावर टिकला, सशांचं तोंड पोचेना तिथं. आता ससे कमी झालेत, तर हा खाली उतरतोय का, ते बघायचंय."

"उपटणार नाहीस ना?"

"छे गं. नुसतं मोजायचं."

बाईंनी फोटो मोठा करून पाहिला. "हट्टी आहे मेला," त्या पुटपुटल्या, स्तवन म्हणावं इतक्या हळू.

आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षीतपाचं पारणं. मंडप भरला, उसाचा रस आला. आदल्या संध्याकाळी बाईंनी नणंदेला एवढंच सांगितलं होतं, "मी अभिग्रह घेतलाय." मनात धरलेली अट पुरी झाल्याशिवाय घास नाही की घोट नाही, आणि अट कुणाला सांगायची नाही, ज्यानं त्यानं ओळखायची.

नणंदेनं चांदीच्या कलशातून रस पुढं केला. बाईंनी मान हलवली. दीर आले, जावा आल्या. अट ओळखू पाहत कुणी नवी साडी ठेवली, कुणी गाईंना चारा घालायचं कबूल केलं. बाईंची ओंजळ मिटलेलीच. जिनल रडवेली होऊन पुढं झाली, तिलाही नकार.

ऊन चढलं. रस काढणारी ताईबाई न राहवून म्हणाली, "माय व, आखाजीना दिन शे, बठ्ठा लोक वाट देखी राहिनात!"

"भाभी, भाई एकटेच राहिलेत बघा," नणंद हसत म्हणाली.

प्रकाशचंदजी कलश घेऊन आले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या कमरेच्या चाव्यांकडे. नजर हलेना.

"लोकांसमोर?" ते दबक्या आवाजात म्हणाले. "एकटी पोर, एवढ्या लांब... मला झोप लागेल का?"

बाईंचे डोळे भरले. ओंजळ उघडली नाही.

अखेर प्रकाशचंदजींनी जुडगा सोडला, तिजोरीची चावी काढली, लेकीच्या तळहातावर ठेवली. "पोचल्यावर फोन कर," एवढंच म्हणाले.

ओंजळ उघडली. बाईंनी रस घेतला. तोंड पुसायला जिनल वाकली, तशा त्या तिच्या कानाशी म्हणाल्या,

"ससे दमले गं."